सुकलेला मक्याचा मुरघास गाईंना घालताना

मुरघासात, म्हणजे कुट्टी करून हवाबंद मुरवलेल्या चाऱ्यात, काहीतरी चुकतंय हे मला पहिल्यांदा कोंबड्यांनी सांगितलं. एरवी सकाळी खुराडं उघडलं की त्या परसात फणसाखाली पांगतात. त्या मे महिन्यात मात्र वाड्यातलं शेण उकिरड्यावर पडलं रे पडलं की सगळ्या तिकडे धावायच्या आणि ऊन चढेपर्यंत तिथेच उकरत बसायच्या. (आमच्याकडे गोठ्याला वाडा म्हणतात.) दोन दिवस मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मामंजी काठी टेकत गेले, काठीच्या टोकानं शेण पसरलं आणि मला हाक मारली, "अगो, मका गाईंसाठी केलास की कोंबड्यांसाठी?"

शेणात पिवळे दाणे होते. अख्खेच्या अख्खे.

आमचं गाव लांजा तालुक्यात, मुचकुंदीच्या काठाला. चार दुभत्या संकरित गाई, एक गाभण आणि आटलेली, आणि मामंजींची एक कोकण कपिला. कपिला मुरघासाला तोंड लावत नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चरून येते आणि तिचं काही अडत नाही. भात निघाल्यावर नदीकडच्या अर्ध्या एकरात आम्ही मका करतो. नोव्हेंबरच्या मध्याला पेरला की शिमग्याच्या आधी कापायला येतो. त्या वर्षी कुट्टीयंत्रवाल्यानं आज येतो, उद्या येतो केलं, आणि माणसंही मिळेनात. शिमग्यात देव देवळातून बाहेर पडतो, पण मजूर आंब्याच्या बागेतून बाहेर पडत नाही. पालखी घरी येऊन गेली, त्यानंतर आठवड्यानं मका कापला. तीन आठवडे उशीर. खालची अर्धी पानं करपलेली, दाण्यात नख शिरत नव्हतं. तरी भरला. पाचशे किलोच्या अकरा पिशव्या झाल्या. टाकून तरी कुठे देणार?

म्हणून हे लिहितेय. मुरघास कसा करावा हे सांगणारे खूप आहेत. सुका होऊन बसलेला मुरघास हाताशी आहे, तो आता जनावरांना कसा घालावा, हे मला तेव्हा कुणी धड सांगितलं नाही.

सुका म्हणजे किती सुका

चांगल्या मक्याच्या मुरघासात शंभर किलोमागे 30 ते 35 किलो सुका भाग असतो, बाकी पाणी. 40 च्या वर गेला की तो सुका समजायचा. हातानं अंदाज येतो. मूठभर मुरघास अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि मूठ उघडा. हात ओला झाला आणि गोळा तसाच राहिला तर पाणी जास्त आहे. गोळा हळूहळू फुलत सुटला तर बरोबर. मूठ उघडताच भुशासारखा विस्कटला तर सुका. आमचा विस्कटला.

पण अंदाजावर गाईचं गणित बसत नाही, आकडा हवा. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. पिशवीच्या वरचा थर सोडून आतल्या तीन-चार ठिकाणचा मुरघास घ्या, एकत्र करा, त्यातला 100 ग्रॅम मोजा. जुन्या तव्यावर अगदी मंद आचेवर परतत राहा. करपू द्यायचा नाही, करपला तर पुन्हा पहिल्यापासून. पाव तासानं वजन करा, पुन्हा परता, पुन्हा वजन करा. दोनदा सारखंच वजन आलं की थांबा. जेवढे ग्रॅम उरले तेवढे टक्के सुका भाग. थोडा आंबटपणा वाफेबरोबर उडतो, त्यामुळे आकडा एखाद-दुसऱ्यानं कमी दिसतो, पण आपल्या कामाला तो पुरे. घरभर शिरक्याचा वास सुटतो, तेव्हा पाहुणे असतील त्या दिवशी करू नका.

आमचे 46 ग्रॅम उरले.

हे एकदाच करून भागत नाही. शेताच्या कडेचा मका आधी सुकतो, पाटाजवळचा हिरवा राहतो, आणि पिशव्या त्याच क्रमानं भरल्या जातात. आमच्याच अकरा पिशव्यांत एक 39 ची निघाली आणि एक 48 ची. नवी पिशवी उघडली की तवा चढवायचा.

काटा आणि टोपली

आता माझी चूक सांगते, कारण ती बऱ्याच जणांकडून होत असणार. आदल्या वर्षी आम्ही दर गाईला दिवसाला 20 किलो मुरघास घालायचो, म्हणजे दोन टोपल्या. त्या वर्षी मी लटकवायचा काटा आणला होता आणि नव्या काट्याचा तोरा वेगळाच असतो. मोजून बघते तर दोन टोपल्या चौदा किलोच भरतात. सुका मुरघास हलका, टोपली भरलेली दिसते पण वजन नसतं. मी म्हटलं, गाई उपाशी राहतायत. मामंजी म्हणाले, दोन घालत आलीस तशा दोनच घाल. मी तिसरी टोपली चालू केली. वीस म्हणजे वीस.

तिसऱ्या दिवसापासून गव्हाणीत चारा उरायला लागला. मला वाटलं, सुका आहे म्हणून आवडत नाही. उरलेला मी सकाळच्या ताज्यात मिसळून पुन्हा घालत गेले. आठवड्यात चार गाईंचं दूध 44 लिटरवरून 38 वर आलं.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी कागदावर साधा गुणाकार करून दाखवला. 33 टक्क्यांच्या 20 किलोत सुका भाग 6.6 किलो. 46 टक्क्यांच्या 20 किलोत तो 9.2 किलो. चारशे किलोची, अकरा-बारा लिटर दूध देणारी गाय दिवसभरात सगळं मिळून साधारण बारा-तेरा किलो सुका भाग खाते, पोटात त्याहून जास्त जागा नाही. चार किलो पेंड-भरड्यात आणि दीड-दोन किलो पेंढ्यात गेल्यावर मुरघासाला साडेसहाच उरतात. मी नऊ कोंबत होते. गाई नावडतं म्हणून नाही, पोट भरलं म्हणून ठेवत होत्या. आणि ते उरलेलं, हवा लागून गरम झालेलं, मी त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढत होते. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

हिशोब असा. हवा असलेला सुका भाग भागिले तुमचा टक्का. 6.6 भागिले 0.46 म्हणजे 14.3 किलो. म्हणजेच दोन टोपल्या. मामंजी काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी चहा त्यांनी मागून दुसऱ्यांदा घेतला.

टोपली बरोबर निघाली म्हणून काटा फेकून देऊ नका. कुट्टी बारीक-जाड झाली की टोपलीचं वजन बदलतं. काटा आणि तवा, दोन्ही लागतात.

पाणी कधी मारायचं

चारा सुका आहे तर पाणी घाला, हे सगळेच सांगतात. कधी आणि कशासाठी, ते नीट समजून घ्या. पिशवी भरताना दोन-चार बादल्या शिंपडून काही साधत नाही. 46 टक्क्यांचा एक टन मका 35 वर आणायचा तर तीनशे लिटरहून जास्त पाणी लागेल, आणि तेही सगळीकडे सारखं. आणि मुरून झालेल्या मुरघासावर मागाहून पाणी ओतल्यानं राहून गेलेलं आंबणं पुन्हा होत नाही.

गव्हाणीत मात्र पाण्याचा उपयोग आहे. सुक्या मुरघासात गाय निवडून खाते. नाकानं ढोसून बारीक आणि दाण्याचा भाग तळातून काढते, पानांचे तुकडे आणि कणसाच्या आतल्या दांड्याच्या चकत्या बाजूला सारते. आमची चांदी यात पटाईत, सुपात पाखडल्यासारखं करते. मग एकीच्या पोटात नुसता दाणा जातो, शेजारणीच्या पोटात नुसता चोथा. 14 किलोला तीन-चार लिटर पाणी शिंपडून, हातानं खालीवर करून घातलं की बारीक भाग पानांना चिकटतो आणि निवडणं बरंच थांबतं. पाण्यात मूठभर गूळ विरघळवला तर पहिले काही दिवस खाणं सोपं जातं. नंतर गरज नाही.

शिंपडायचं ते घालायच्या आधी पाच मिनिटं. मुंबईहून सुट्टीला आलेला पुतण्या म्हणाला, काकी, रात्रीच भिजवून ठेवू, दाणे मऊ होतील. ठेवला. सकाळी पडवीत माडीचा वास, आणि पिंपात हात घातला तर आत भात शिजतोय की काय असं ऊन. यीस्टला ओल, हवा आणि मे महिन्याचा दमट उकाडा एकत्र मिळाला तर अजून काय हवं? साठ किलो उकिरड्यात गेला.

आणि प्यायचं पाणी वाढवा. आदल्या वर्षीच्या वीस किलो मुरघासातून गाईला तेरा लिटरच्या वर पाणी आपोआप मिळत होतं, ह्या चौदा किलोतून साडेसात-आठ. तो सहा लिटरचा फरक तिनं टाकीतून भरून काढायला हवा, तोही एप्रिल-मेमध्ये, जेव्हा आपली विहीर तळ दाखवत असते. टाकी रिकामी दिसली तर त्या दिवशीच्या कमी दुधासाठी मुरघासाला जबाबदार धरू नका.

दाणा

आता कोंबड्यांकडे येऊ. पक्व झालेला मक्याचा दाणा कडक असतो, आणि कुट्टीच्या पात्यातून तो सुटून निघतो. गाय तो सगळाच चावत नाही. अख्खा दाणा पोटातून तसाच पार होतो, आणि त्यातला स्टार्च, ज्यासाठी आपण मका केला, तो उकिरड्यावर जातो.

किती जातोय ते मोजता येतं. चारही गाईंच्या ताज्या शेणाचा एकेक मग घ्यायचा, पिठाच्या नव्हे, वाळू चाळायच्या चाळणीत टाकून पाण्याखाली धुवायचा. जे राहतं त्यात अख्खे आणि अर्धे दाणे मोजायचे. माझ्या पहिल्या मोजणीत मगाला चौदा-पंधरा होते. एखाद-दुसरा निघाला तर दुर्लक्ष करा.

उपाय म्हणून मी मुरघास आमच्या लहान कुट्टीयंत्रातून पुन्हा काढून पाहिला. पानं बारीक झाली, दाणे सुळकन बाहेर. वीजबिल तेवढं आलं. दाणा फोडायचा तो कापणीच्या वेळीच, दाणे चेपणारे रोलर असलेल्या यंत्रात. ते तुमच्या भागात येत असेल तर चार पैसे जास्त द्या.

खरा उपाय वेळ आहे. हवाबंद पिशवीत महिने जातात तसा आंबटपणा दाण्यातल्या स्टार्चभोवतीचं प्रथिनांचं जाळं सैल करतो आणि तोच दाणा जास्त पचू लागतो. 45 दिवसांत मुरघास खायला होतो हे खरं, पण सुक्या, कडक दाण्याच्या मुरघासाला तीन-चार महिने दिले तर फरक दिसतो. फक्त हे घट्ट भरलेल्या पिशवीलाच लागू. सैल पिशवीत वेळ उलटा काम करतो. म्हणून मी पिशव्या दाबून बघितल्या. अंगठा आत जाईल इतक्या सैल चार होत्या, त्या आधी संपवल्या. दगडासारख्या सात मागे ठेवल्या.

पहिले दोन महिने दाण्यातलं जे वाया जात होतं ते भरून काढायला आंबोणात (पेंड-भरड्याच्या खुराकात) दर गाईला अर्धा किलो मक्याचा भरडा वाढवला. जुलैत शेणातले दाणे मगाला चार-पाचवर आले तसा भरडा पुन्हा कमी केला. हे विसरायचं नाही. दाणा पचायला लागला आणि भरडाही तसाच चालू राहिला तर शेण पातळ होतं, रवंथ कमी होतो, फॅट उतरते. निवांत बसलेल्या चार गाईंपैकी निदान दोन-तीन रवंथ करताना दिसल्या पाहिजेत.

पिशवी उघडल्यावर

सुका चारा दाबला तरी दबत नाही, उसळी घेतो. त्याच्या पोटात हवा राहते. पिशवी बंद असेपर्यंत ते कसंबसं निभतं, पण उघडली की यीस्ट आंबटपणा खायला सुरुवात करतं, चारा तापतो, आणि मग बुरशीला रान मोकळं. घाटावरच्या कोरड्या हवेत जी पिशवी आठवडा टिकते ती आमच्या खारट दमट हवेत चार दिवसांत हाताला गरम लागते.

म्हणून रोज वरून निदान वीतभर थर निघाला पाहिजे. आमच्या चार गाईंना दिवसाला 57-58 किलो लागतो. पाचशे किलोची पिशवी साडेआठ दिवस चालायची आणि शेवटचे तीन दिवस खराब व्हायची. मग मी आंब्याच्या फवारणीच्या नव्हे, हे नीट वाचा, खाण्याच्या वस्तूंच्या दोनशे लिटरच्या झाकणाच्या पिंपांकडे वळले. फवारणीच्या औषधाचं पिंप कितीही धुतलं तरी चाऱ्याला वापरायचं नाही. एका पिंपात शंभर-एकशेदहा किलो घट्ट दाबून बसतो, दोन दिवसांत संपतो. पुढच्या हंगामात निम्मा मका मी थेट पिंपातच भरला. भरलेल्या पिशवीतून काढून पिंपात ठेवण्याचा मात्र फायदा नाही, त्या उलथापालथीतच हवा लागते.

त्या वर्षीच्या पिशव्यांना मी एवढंच केलं: काढून झालं की वरचा भाग सपाट करायचा, प्लास्टिक चाऱ्याला चिकटून दाबायचं, वर चार जांभ्याचे चिरे. सकाळी एकदाच काढायचा, दोन वेळचा. उरलेला सावलीत पसरून ठेवायचा, ढीग घालायचा नाही. पिशवीत लोखंडी सळई खुपसून ठेवली आणि दहा मिनिटांनी बाहेर काढून हातात धरली तर आतली ऊब कळते. सळई ऊन लागली तर त्या पिशवीतून दुप्पट काढा आणि गाभण गाय व वासरं सोडून बाकीच्या जनावरांत वाटून लवकर संपवा.

उंदरानं पाडलेलं भोक दिसलं की त्याच क्षणी चिकटपट्टी. संध्याकाळी लावते म्हटलं की संध्याकाळ येत नाही.

बुरशी आणि कुणाला घालायचा नाही

पांढरे, निळसर हिरवे, गुलाबी किंवा काळे ठिपके दिसले तर तेवढे वेचून बाकीचा घालू नका. डोळ्यांना दिसणाऱ्या बुरशीच्या चहूबाजूंनी वीतभर चारा काढून टाका. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करतात, ते गाईच्या दुधात उतरतं आणि दूध उकळून जात नाही. आपल्याकडे दुधात ते किलोला 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. ज्यांच्या घरी लहान मुलं ते दूध पितात त्यांना नियमही सांगावा लागू नये. टाकलेला चारा कोंबड्या-शेळ्या पोचणार नाहीत अशा खड्ड्यात पुरायचा. काढताना नाकाला पदर बांधा, ती भुकटी छातीत बसते.

गाभण गाईला शंका असलेला मुरघास अजिबात नको. नीट न आंबलेल्या चाऱ्यात लिस्टेरियाचे जिवाणू वाढू शकतात आणि गाय गाभडते. आमच्या आटलेल्या मोरीला मी त्या सैल चार पिशव्यांतलं एक घमेलंही दिलं नाही, पेंढा आणि गवतावर ठेवली. तीन-चार महिन्यांच्या आतल्या वासरांनाही नको.

वास मात्र शिकून घ्या. दही-शिरक्याचा आंबट वास चांगला. गूळ जळाल्यासारखा किंवा तंबाखूसारखा गोड वास आणि तपकिरी रंग आला तर गाई आवडीनं खातात, पण तो चारा आत तापून गेलेला असतो आणि त्यातली प्रथिनं जखडलेली असतात. आवड बघून फसू नका.

सोबत काय

मक्याच्या मुरघासात प्रथिनं सात-आठ टक्केच. पेंढ्यात त्याहून कमी. हे दोनच घातले तर गाय पोट भरून उपाशी. आम्ही साडेचार किलो खुराक दोन वेळा आंबोणात देतो, त्यात शेंगदाणा पेंड आणि सरकी पेंड मिळून निम्मी. विहिरीशेजारच्या नेपियरचं पाच-सहा किलो हिरवं, आणि कुंपणाच्या गिरीपुष्पाचा, म्हणजे उंदीरमारीचा, दोन किलो पाला थोडा सुकवून. पहिल्यांदा नाक मुरडतात, मुरघासात मिसळला की आठवड्यात सरावतात. सुक्या मुरघासात चोथा आधीच भरपूर, म्हणून पेंढा दोनवरून एक किलोवर आणला. खनिज मिश्रण 50 ग्रॅम आणि मीठ 30 ग्रॅम रोज, कारण मक्यात कॅल्शियम कमी.

चारा किंवा खुराक, काहीही बदललं तरी आठ-दहा दिवस घ्या. पाव, अर्धा, पाऊण अशा बेतानं. आणि मुरघास धार काढून झाल्यावरच घाला. आधी घातला तर दुधाला वास लागतो. आमच्या रतिबाच्या एका आजींनी दोन दिवस दूध परत पाठवलं होतं, तिसऱ्या दिवशी मी वेळ बदलली. उन्हाळ्यात मोठा वाटा संध्याकाळी द्यायचा, दुपारच्या उकाड्यात गाई खात नाहीत आणि चारा गव्हाणीत तापतो.

विकत घेताना

आंबा घाटातून मुरघासाच्या गाड्या खाली येतात, त्यातही सुका माल असतो. तो नेहमी नाकारायचाच असं नाही. समजा भाव किलोला 7 रुपये. 33 टक्क्यांच्या मालात सुका भाग तुम्हाला 21 रुपये किलोनं पडला, 46 टक्क्यांच्या मालात 15 रुपयांनी. पाण्याचं भाडं घाट उतरून कशाला द्यायचं? पण एक पिशवी समोर उघडून घ्या, कोपरापर्यंत हात घाला, दहा दाणे दाताखाली चावून बघा. गार, आंबट आणि फुटके दाणे असतील तर घ्या. हाताला गरम लागला तर कितीही स्वस्त असो, गाडी परत.

पुढच्या वर्षी मका वेळेवर कापायचा तर कणीस मधोमध मोडून दाणा बघा. वरचा पिवळा कडक भाग आणि खालचा दुधाळ भाग यांच्यामध्ये एक रेघ दिसते. ती निम्म्यावर आली की यंत्रवाल्याच्या मागे लागायचं, दोन-तृतीयांशावर पोचायच्या आत कापायचं. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला म्हणजे उशीर झाला. मग निदान कुट्टी एक सेंटिमीटरपर्यंत बारीक ठेवा, नेहमीपेक्षा दुप्पट तुडवा, आणि लॅक्टोबॅसिलस बुकनेरी हे आंबवणारे जिवाणू असलेलं कल्चर मारा. त्यानं उघडल्यावरचं तापणं कमी होतं, फक्त त्याला काम करायला दीड-दोन महिने द्यावे लागतात.

यंत्रवाल्याला मी आता तुळशीच्या लग्नालाच आगाऊ पैसे देऊन ठेवते. ह्या वर्षी तो शिमग्याच्या आधी दहा दिवस आला. आंब्याच्या बागेतून माणसं तरीही आली नाहीत. पिंपं मी, जाऊबाई आणि तिच्या दोन मुलींनी नाचून भरली.